गांधीलमाशीचा पहिला फोटो कूलरपाशी काढा

भाऊ, पहिल्याच दिवशी पोळ्याला लेन्स भिडवू नका. नागपूरच्या मे महिन्यात गांधीलमाश्या आपणहून कूलरच्या ओल्या जाळीवर येतात. पाणी नेऊन पोळं गार करतात बिचाऱ्या. तिथे भांडायला त्यांना सवड नसते. पोळ्यावर मात्र त्याच रखवालदार. पंख उचलून तुमच्याकडे तोंड केलं, की सावकाश मागे सरका.

नवखे हमखास चुकतात:
- फोकस करताना पोळ्यावर श्वास सोडतात. मी सोडला होता. भुवई दोन दिवस बटाट्यावाणी.
- घाबरून हात झटकतात.

मधमाशीसारखी हिची नांगी तुटून राहत नाही, ती पुन्हा डसते. दम लागला, घसा सुजला तर चुना लावत बसू नका, थेट दवाखाना. फ्लॅशचं नंतर सांगतो.