कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरल्यावर रुग्ण किती दिवस जगतो आणि उपचार करावेत का?

आपल्या आईंचा फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरला असून डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांची मुदत सांगितली आहे, तेव्हा उपचार करावेत की घरी न्यावे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु माझ्या आक्काला स्तनाच्या कॅन्सरनंतर हेच झाले आणि लातूरहून तिच्या सगळ्या फेऱ्या मीच केल्या.

भाकरी थापताना तिला तव्यावर दोन भाकरी दिसू लागल्या, आणि महिनाभर आम्ही त्याला चष्म्याचा नंबर समजत राहिलो. तपासणीसाठी पाठीतून मेंदू-मणक्याभोवतीचे पाणी काढले, ते पहिल्या वेळी निर्दोष आले. नंतर कळले की पहिल्या तपासणीत जवळपास निम्म्या रुग्णांत कॅन्सरच्या पेशी सापडतच नाहीत. म्हणून पाणी पुन्हा काढतात आणि मेंदूसोबत संपूर्ण मणक्याचा एमआरआय करतात.

उपचाराविना साधारण चार ते सहा आठवडे आणि उपचारांनी काही महिने, हे खरे आहे. मात्र आपल्या आईंच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जनुक-तपासणीचा आहे. गाठीत ईजीएफआर जनुकाचा बदल असेल, तर ऑसिमर्टिनिब ही गोळी मेंदूपर्यंत पोहोचते. अशा ४१ रुग्णांच्या एका अभ्यासात रोज १६० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दुप्पट मात्रेवर, निम्मे रुग्ण ११ महिन्यांहून अधिक जगले. म्हणून तो अहवाल पाहिल्याशिवाय आशा सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बदल नसेल, तर शेक म्हणजे रेडिएशन, किंवा पाठीतून अथवा डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओमाया नावाच्या छोट्या कप्प्यातून थेट मेंदूच्या पाण्यात औषध, हे मार्ग उरतात. आई अंथरुणाला खिळल्या असतील, तर मात्र या उपचारांचा त्रासच जास्त होऊ शकतो. शेकासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करावी.

डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या औषधाने आक्काची डोकेदुखी दोन दिवसांत उतरली, आणि शेकानंतर दोन महिने ती ओसरीवर बसून लसूण सोलत नातीशी बोलत असे. चौथ्या महिन्यात ती गेली. शेवटी मॉर्फिनच्या गोळ्यांनी तिची वेदना आटोक्यात राहिली. ही सोय आजच विचारून ठेवा, उपचार चालू असले तरी ती घेता येते.

आईंचा जनुक-अहवाल झाला असल्यास त्यात काय आले आणि त्या स्वतः चालू शकतात का, ते कृपया कळवावे.