स्वतःसाठी तासभर मागणे हा स्वार्थ आहे का?

प्रश्न : मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलगी सहा वर्षांची आहे आणि मुलगा चौदा महिन्यांचा. रात्री त्याच्यासाठी तीन-चार वेळा उठावे लागते. हिमोग्लोबिन ८.४ आले म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्या नियमित घेतल्या जात नाहीत. गेल्या आठवड्यात गृहपाठावरून मुलीला जोरात चापट मारली आणि मग रात्रभर रडले. रविवारी तासभर रंकाळ्यावर एकटीने फिरून यावेसे वाटते. पण सासूबाई म्हणतात, ‘आम्ही चार पोरं वाढवली, आम्हाला नाही कधी असला वेळ लागला.’ यजमान चांगले आहेत, सांगितले की मदत करतात. माझेच चुकते आहे का?

उत्तर : ताई, चापटीचे दुःख तुम्हाला झाले, यावरूनच तुमचे मन जागे आहे हे कळते. मुलीला जवळ घेऊन ‘मी मारायला नको होते’ एवढे सरळ सांगा. मात्र मला तुमच्या पत्रात त्या चापटीपेक्षा ८.४ हा आकडा अधिक गंभीर वाटतो. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असले की तो रक्तक्षय धरला जातो, आणि ८ च्या खाली तो तीव्र मानला जातो; म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या अगदी जवळ उभ्या आहात. अशा अवस्थेत धाप लागणे, चिडचिड होणे, लहानशा गोष्टीने संयम सुटणे हे पुष्कळदा शरीराचे दुखणे असते, आणि आपण मात्र त्याला स्वभावाचा दोष समजून स्वतःला कोसत राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. इतक्या जणींना आहे म्हणून तो चालवून घेण्याजोगा ठरत नाही.

गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चालेल. बद्धकोष्ठ किंवा मळमळ होते म्हणून अनेकजणी परस्पर गोळ्या बंद करतात. तसे न करता डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही संकोच न करता सांगा, कारण मूळ कारण तिथे असेल तर नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत. आकडा सुधारला तरी शरीरातील साठा भरून येण्यासाठी औषध पुढे काही महिने घ्यावे लागते.

आता यजमानांविषयी. ‘सांगितले की मदत करतात’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. काय संपले, कोणाला ताप आहे, उद्या शाळेत काय न्यायचे, हे सारे लक्षात ठेवायचे तुम्ही आणि सांगायचेही तुम्हीच, मग तुमच्या डोक्याला विसावा कधी मिळणार? २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणून मदत मागू नका, कामे वाटून घ्या. मुलीचा गृहपाठ आणि शाळेची तयारी पूर्णपणे त्यांच्याकडे द्या आणि एका आड एक रात्र बाळासाठी त्यांनी उठावे असे ठरवा. वर्षावरच्या निरोगी बाळाला प्रत्येक वेळी जाग आल्यावर दूध लागतेच असे नाही, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारून ही सवय हळूहळू मोडता येईल. सुरुवातीला त्यांच्या हातून डबा चुकेल, बाळ अधिक रडेल. तरीही मध्ये पडू नका.

सासूबाईंशी वाद घालू नये असे मला वाटते. त्यांची चार मुले वाढली तेव्हा घरात जावा-नणंदा असतील, तर बाळ दहा हातांत फिरले असेल. आणि नसतील, तर त्यांच्या थकव्याची विचारपूस कोणी केली नसावी. एखाद्या दुपारी त्यांनाच विचारून पाहा, बहुधा त्या मोकळेपणाने बोलतील.

रविवारचा तास मात्र कोणाच्या परवानगीवर ठेवू नका. वेळ ठरवून घरात सांगा आणि त्या तासात भाजी आणणे, बिल भरणे यांतले काहीही उरकू नका.

आणखी एक, आणि हे मी काळजीने लिहीत आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच मन लागेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटले, तर तो केवळ थकवा समजू नका; मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. त्याआधी, या आठवड्यातच, यजमानांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. तुमचा आकडा त्यांनीही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवा.