मुलीला स्पोर्ट्स क्लबमध्ये घालायचंय. क्लब मुलांसाठी सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ११ वर्षांची, तिला क्लबमध्ये घालायचंय, कोच ‘अगदी घरच्यासारखा’ आहे, बाकीचे पालक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात, तरी तुमच्या मनातली धाकधूक जात नाही. नेमकं काय बघायचं आणि काय विचारायचं?

धाकधूक रास्त आहे. फक्त ती कोचच्या स्वभावाभोवती फिरवत बसू नका. मी एका क्लबात वेल्फेअर ऑफिसर म्हणून बिनपगारी काम बघतो. पदाचं नाव भारदस्त आहे, काम साधं: मुलांच्या बाबतीत कुणाला काही खटकलं की पहिला फोन मला येतो आणि पुढे कुणाला कळवायचं ते मी बघायचं. या कामात पडल्यापासून ‘मला माणूस बघताक्षणी कळतो’ असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मी आता एकच बघतो. या कोचच्या जागी उद्या वाईट माणूस आला, तर या क्लबात त्याला काय काय करता येईल? उत्तर ‘फारसं काही नाही’ असं आलं, तर क्लब बरा.

लॅरी नासरचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. तो अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर, उपचाराच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करणारा. टेक्सासमध्ये संघाचा कॅम्प भरायचा, तिथे पालकांना मज्जाव होता, मुलींच्या खाण्यावर कडक नजर असायची आणि कोच दरडावणारे. अशा ठिकाणी हा गृहस्थ मुलींना गुपचूप खाऊ आणून द्यायचा, त्यांची रडगाणी ऐकून घ्यायचा. तिथला तो एकटाच प्रेमळ माणूस. एका खेळाडूच्या म्हणण्यानुसार तिने १९९७ सालीच आपल्या कोचला त्याच्याबद्दल सांगितलं होतं, पण गोष्ट जगापुढे आली ती २०१६ मध्ये. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, त्याआधी दीडशेहून जास्त मुली आणि बायका कोर्टात उभं राहून बोलल्या. त्यांतल्या काहींवर ‘उपचार’ चालू असताना आई त्याच खोलीत बसलेली होती. आईला दिसणार नाही अशा बेताने तो उभा राहायचा.

यातून माझ्या मते दोन गोष्टी निघतात. गोड बोलणं हा कशाचाच पुरावा नाही, ही एक, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येते. दुसरी सहसा सुटते. ज्या क्लबात मुलं घाबरून असतात, भुकेली असतात, आईबापांपासून तोडलेली असतात, तिथे अशा माणसाचं काम निम्मं आधीच झालेलं असतं. म्हणून ‘सर जरा कडक आहेत, पण तसले नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारतो. मुलांशी रोज कसं वागलं जातं आणि मुलं अत्याचारापासून किती सुरक्षित आहेत, हे दोन वेगळे विषय नाहीत.

आता काय विचारायचं ते.

सगळ्यात आधी, मोठा माणूस आणि एकटं मूल यांची गाठ कुठे कुठे पडू शकते ते विचारा. अमेरिकेत नासर प्रकरणानंतर जे नियम आले त्यांचा गाभा असा, की कोच आणि मूल यांचं बोलणं दुसऱ्याला दिसेल आणि कुणालाही मध्ये येऊन थांबवता येईल अशाच जागी व्हावं. कोचने मुलीला बाजूला घेऊन समजावूच नये असं नाही. मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर खुशाल समजवावं. दार लावलेली ऑफिसची खोली, गाडी, हॉटेलची खोली, कोचचं घर या जागा मात्र बाद. इंग्लंडमधला फुटबॉल कोच बॅरी बेनेल होतकरू मुलांना घरी मुक्कामाला न्यायचा. घरात व्हिडिओ गेमची मशिनं, पाळलेले चित्रविचित्र प्राणी. मुलं हरखून जायची आणि पालकांना वाटायचं, आपल्या पोराचं नशीब उघडलं. क्रू अलेक्झांड्रा क्लबचा माजी खेळाडू अँडी वुडवर्ड बेनेलने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल २०१६ मध्ये उघडपणे बोलला तेव्हा कुठे बाकीच्यांची तोंडं उघडली.

सराव संपल्यानंतरची वेळ नीट बघा. दिवे बंद होतायत, नेट गुंडाळून झालंय, एक मुलगी बॅग मांडीवर घेऊन पायरीवर बसलीय आणि तिच्या घरून कुणी आलेलं नाही. सैल क्लबात कोच म्हणतो, ‘चल, मी सोडतो.’ त्यात वाईट हेतू असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. चांगल्या क्लबात दोन मोठी माणसं थांबतात, घरी फोन लावतात, नाही उचलला तर फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरवर लावतात आणि कुणी येईपर्यंत तिथेच बसून राहतात. हा नियम अध्यक्षांनाही लागू. गंमत म्हणजे यावर सगळ्यात जास्त चिडतात ते पालकच. ‘एवढ्याशा अंतरासाठी सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?’ हे मी किती वेळा ऐकलंय! बिघडलं नसतं. पण आज सोडणाऱ्या चांगल्या माणसामुळे उद्या सोडणाऱ्या वाईट माणसाला कुणी हटकत नाही.

फोनवरच्या मेसेजचंही तसंच. रात्री साडेदहाला मेसेज येतो: ‘आज मस्त खेळलीस.’ यात काय गैर? काहीच नाही. काही दिवसांनी: ‘मी तुझ्याकडे जास्त लक्ष देतो हे बाकीच्यांना सांगू नकोस, उगाच जळतील.’ आणखी काही दिवसांनी: ‘आईला खेळातलं काय कळतंय? काही असलं तर आधी मला सांगत जा.’ तिन्ही मेसेज सुटे सुटे दाखवले तर पोलिसही खांदे उडवतील. ओळीने वाचले की दिसतं, मुलीला एकेका माणसापासून तोडलं जातंय. म्हणून क्लबाचा नियम मेसेजच्या मजकुराबद्दल नसावा, मेसेज जातो कुठे त्याबद्दल असावा: मुलांना खासगी मेसेज नाही, जे असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. आपोआप पुसले जाणारे मेसेज तर अजिबात नाहीत.

चेंजिंग रूममध्ये फोन बाहेर काढायचा नाही, कुणीच. स्पर्धेला परगावी गेल्यावर मोठ्यांच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या, मुलींबरोबर जबाबदार बाईमाणूस. हात लावून शिकवायचं असेल, तर कुठे आणि कशासाठी ते आधी सांगायचं आणि मुलगी ‘नको’ म्हणाली तर थांबायचं. फिजिओकडे जाताना कुणीतरी सोबत, आणि तो काय करणार आहे हे सोबतच्या माणसाला आधी कळलेलं असावं. नुसतं खोलीत बसून भागत नाही, हे वर आलंच आहे.

पोलिस पडताळणी केलीय का, हेही विचारा, पण उत्तर ‘हो’ आलं म्हणून निवांत होऊ नका. जो कधी पकडला गेलेला नाही त्याचं रेकॉर्ड कोरंच असतं. ‘आधीच्या क्लबात फोन करून हा का सोडून गेला ते विचारलंत का?’ हा प्रश्न जास्त कामाचा. बरेच क्लब घोळ नको म्हणून माणसाला गपचूप राजीनामा द्यायला लावतात आणि तो पुढच्या मैदानावर नव्या शिट्टीसह हजर होतो.

मग तक्रारीचा माणूस कोण, ते पाहा. त्याचं नाव आणि नंबर भिंतीवर हवा आणि तो कोचचा भाऊ, बायको किंवा धंद्यातला भागीदार नसावा. माझी कसोटी सोपी आहे. ऑफिसात विचारू नका, मैदानावरच्या एखाद्या मुलाला विचारा, ‘इथे काही त्रास झाला तर कुणाला सांगायचं?’ मुलाने नाव घेतलं तर व्यवस्था आहे. ‘सरांना’ म्हणालं तर नाही, कारण त्रास सरांचाच असला तर?

रोजच्या वागणुकीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मुलांना जो त्रास होतो तो इथला असतो. ब्रिटनच्या जिम्नॅस्टिक्समध्ये मुलांना कसं वागवलं जातं याची चौकशी करणारा अ‍ॅन व्हाइट यांचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यात पाणी न देणं, टॉयलेटला जाऊ न देणं, दुखापत असताना सराव करायला लावणं, वजनावरून मुलींचा सतत छळ, हे सगळं नोंदलेलं आहे. आपल्याकडे याला शिस्त म्हणतात. चारचौघांत वजन करून आकडा मोठ्याने वाचणं ही शिस्त नाही. मुलगी मोठी होईल तेव्हा तिची पाळी लांबली किंवा बंद झाली आणि कोच म्हणाला ‘खेळाडूंचं असंच असतं’, तर सरळ डॉक्टर गाठा. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाल्याची ती खूण असू शकते. सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असा क्रीडावैद्यकात एक ढोबळ आडाखा आहे. म्हणजे तुमच्या मुलीला फार तर ११ तास, आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. डोक्याला मार लागून कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, फायनल असली तरी. हे तीन नियम कोचला विचारून बघा. उत्तरापेक्षा त्याचा चेहरा बघा. चांगल्या कोचला नियमांचा राग येत नाही. उलट त्याच्यावर खोटा आळ आला तर तेच त्याच्या मदतीला येतात, हे त्याला कळतं.

त्रास देणारा दर वेळी मोठाच असतो असंही नाही. सीनियर मुलांनी नव्यांची ‘गंमत’ करणं, कपडे लपवणं, व्हिडिओ काढणं हे क्लबात चालतं का, तेही विचारा. ‘आम्हीपण यातूनच गेलो’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लब बघा.

आता नको असलेली वेळ आली आणि मुलीने काही सांगितलं, तर? ऐका. मध्ये बोलू नका, ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस’ हे तर चुकूनही नको. ‘त्याने तुला असं असं केलं का?’ असे शब्द तिच्या तोंडी घालू नका, पुढे तपासात ते अडचणीचे ठरतात. ती ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ म्हणाली तर खोटं वचन देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’ एवढं म्हणा. नंतर तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून काढा. फोनमधलं काही पुसू नका. आणि कोचला जाब विचारायला जाऊ नका. संताप होणारच, पण जाब विचारला की त्याला मेसेज पुसायला आणि इतर पालकांना आपल्या बाजूला वळवायला वेळ मिळतो.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर क्लबाची अंतर्गत चौकशी संपायची वाट बघायची नसते. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवायला खात्री लागत नाही, साधार शंका पुरते. खरं-खोटं शोधणं हे ना तुमचं काम, ना माझं. कमिटी ‘क्लबाचं नाव खराब होईल’ म्हणू लागली तर तिची समजूत घालण्यात वेळ घालवू नका, थेट पोलिस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

प्रवेश घेण्याआधी एकदा न सांगता सरावाच्या वेळी जा. पालकांनी मैदानात लुडबुड करू नये हा नियम ठीक आहे, मी स्वतः तो पाळायला लावतो. पण लांबूनही बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. जिंकणाऱ्या मुलांकडे बघू नका. सगळ्यात कच्चं मूल कोणतं ते शोधा आणि त्याचा चेंडू सुटल्यावर त्याच्याशी कोण, कसं बोलतं ते बघा. सगळं पटलं तर फॉर्म भरा, आणि आपत्कालीन नंबरांतला दुसरा नंबर खरोखर फोन उचलणाऱ्या माणसाचा द्या.