लावणीनंतर ताप आलाय, पण लेप्टोचा रिपोर्ट निगेटिव्ह. मग लेप्टो नाही असं समजायचं का?

नाही, तसं समजू नका. (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मुतातल्या जंतूंनी येणारा ताप.) कुडाळजवळ लावणी आटोपून आठवडा झालाय, काकांना चार दिवस सणकून ताप आहे, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत, डोळे लाल आहेत आणि आयजीएम (लेप्टोची रक्ततपासणी) निगेटिव्ह आलंय, असं तुम्ही लिहिलंय. चौथ्या दिवशी ही टेस्ट निगेटिव्ह येणं अगदी नेहमीचं. ती जंतू शोधत नाही, त्याविरुद्ध शरीराने केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या दिसण्याइतक्या व्हायला साधारण पाच ते सात दिवस जातात. पहिल्या आठवड्यात रक्ताचा पीसीआर (थेट जंतूचा अंश शोधणारी तपासणी) उपयोगाचा. तो जवळपास होत नसेल तर आयजीएम सातव्या-आठव्या दिवशी परत करा, पण औषध सुरू करायला तोवर थांबायचं नाही.

उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून जंतू खाचरातल्या पाण्यात येतात आणि चिखल्या पडलेल्या बोटांतून किंवा साध्या खरचटण्यातून अंगात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोही अचानक, थंडी वाजून. डोळे लाल पण चिपडं नाहीत, आणि पोटऱ्या दाबल्या की कळ: लावणी केलेल्या माणसात ही जोडी दिसली तर माझ्या लेखी ती निगेटिव्ह रिपोर्टपेक्षा वजनदार.

प्लेटलेट डेंग्यूतही उतरतात, लेप्टोतही. पांढऱ्या पेशी मात्र डेंग्यूत बहुधा घटतात, लेप्टोत बरेचदा वाढतात. बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) खूप चढलंय पण एसजीपीटी (यकृताची तपासणी) शे-दोनशेच्या आसपासच आहे, असं असेल तर ही नेहमीची कावीळ नव्हे. झाडपाल्यात दिवस घालवू नका. क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, सीपीके (स्नायूंसाठी) आणि मलेरियाची स्लाइड एकाच वेळी करून घ्या. काख, जांघ, कंबर नीट बघा. न दुखणारी काळी खपली सापडली तर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप प्रामुख्याने डिसेंबर ते मे या काळातला, त्यामुळे आत्ता तो यादीत खाली.

सौम्य आजारात डॉक्टर डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. स्क्रब टायफसलाही हेच चालतं, म्हणून शंका दोन्हीची असली तरी अडत नाही. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गरोदर बाईला ही देत नाहीत, लेप्टोसाठी अमॉक्सिसिलिन देतात. पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप उसळू शकतो. ती बरेचदा मरणाऱ्या जंतूंमुळे आलेली प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना कळवा, पण आपल्या मनाने औषध बंद करू नका. आजार जड असेल तर शिरेतून पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी किंवा सेफ्ट्रिॲक्सोन १ ते २ ग्रॅम रोज. मात्र सेफ्ट्रिॲक्सोन स्क्रब टायफसला लागू पडत नाही, तेव्हा शंका असल्यास डॉक्सी जोडीला हवीच.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागू नका. इथे किडनी आधीच संकटात असते, त्यात हे औषध भर घालतं.

लघवी बाटलीत मोजा. दिवसभरात ४०० मिलीच्या खाली गेली, डोळे पिवळे झाले, असंबद्ध बडबड सुरू झाली, तर लगेच डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मला जास्त धास्ती फुप्फुसाची वाटते. धाप, खोकल्यातून रक्ताचा एखादा ठिपका, बोटाच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, यातलं काहीही दिसलं तर काही तासांतच फुप्फुसात रक्तस्राव होऊन व्हेंटिलेटरची वेळ येऊ शकते. अशा रुग्णाला गावातच सलाइनवर सलाइन लावून ठेवणं घातक, पाणी फुप्फुसात साठतं.

त्याच कुणग्यात (भातखाचरात) उतरलेल्या घरच्या बाकीच्यांबद्दलही विचारलंय. ज्यांना ताप नाही पण अजून चिखलात काम आहे, त्यांना आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिन २०० मिलीग्रॅम आठवड्यातून एकदा मिळू शकतं. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं सोडून.