टाचेवरचा काळा डाग आणि अंगावरचे जंतू

प्रश्न : आमचे यजमान बोटीवर खलाशी आहेत. डाव्या टाचेवर काळा डाग आहे, गणपतीपासून वाढल्यासारखा वाटतो. ते म्हणतात, शिंगाळ्याचा काटा मोडला होता, त्याचाच आहे. अंगावरचे जंतू कातडीचा कॅन्सर रोखतात असं मुलाने वाचलं आणि घरातला जंतुनाशक साबण बंद केला. हे खरं आहे का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, मुलाने वाचलं त्याला आधार आहे, पण यजमानांच्या टाचेला त्याचा काही उपयोग नाही.

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असतो. 2018 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांना त्याचा एक उपप्रकार सापडला. तो असा पदार्थ तयार करतो, की भराभर वाढणाऱ्या गाठीच्या पेशींना नवा डीएनए बनवता येत नाही. हा उपप्रकार अंगावर असलेल्या उंदरांना अतिनील किरण दिले, तेव्हा त्यांना गाठी कमी झाल्या. पण हे उंदरांत झालं, आणि उन्हातल्या किरणांनी होणाऱ्या गाठींबाबत झालं. तळपायाचा मेलानोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, उन्हाने होत नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा कॅन्सर बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखालीच निघतो, आणि काटा, कुरूप समजून महिनोन् महिने अंगावर काढला जातो. मला त्याचीच धास्ती वाटते.

गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस उन्हाने खरखरीत झालेल्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर जास्त आढळतो, हेही खरं. पण तेवढ्यावरून त्याला कारण ठरवता येत नाही. बिघडलेल्या कातडीवर तो तसाही पटकन वस्ती करतो.

साबण बंद केलात ते ठीकच. मासळीचा वास आणि चिकटा जायला साधा साबण पुरतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवा, नाहीतर चिखल्या होतात.

आता टाच. काट्याने साकळलेलं रक्त कातडीबरोबर हळूहळू वर सरकतं आणि काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत निघून जातं. डाग पसरतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात काळा-तपकिरी-निळसर असे रंग आहेत, मधेच रक्त येतं, यातलं एक जरी असलं तरी थांबू नका. तुमच्याकडे डाग वाढतोय, एवढं पुरे आहे. त्यावर बिब्बा घालू नका. आमच्याकडे बिब्ब्याने भाजलेल्या टाचा येतात, आणि मग खालचा मूळ डाग कसा होता ते कळायला मार्गच राहत नाही. ब्लेडने तासूनही घेऊ नका.

बोट जाऊ दे पुढच्या फेरीला, यजमानांना या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. ते भिंगातून डाग पाहतील, शंका वाटली तर तुकडा तपासायला पाठवतील. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, असं गावात कुणी ना कुणी सांगेलच. तसं होत नाही. वरवर असतानाच काढला तर मेलानोमा बहुतेकदा पूर्ण बरा होतो, खोल गेला की अवघड. डाव्या जांघेत गाठ हाताला लागते का, तेही त्याच वेळी पाहायला सांगा.