वाचकांचे प्रश्न : वीस मिनिटांची रचना, ऐकताना आणि वाजवताना

प्रश्न : 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या बँडचा २०१२ चा पुनरागमनाचा अल्बम विनाइलवर मागवला. पाकिटातून एक मोठी आणि एक छोटी रेकॉर्ड निघाली. छोटीचा आवाज चिरका येतो. खराब निघाली का? – वाचक, नाशिक

रेकॉर्ड चांगली आहे, वेग चुकलाय. ७ इंची रेकॉर्ड हातात आली की आपण मिनिटाला ४५ फेऱ्यांचा वेग लावतो, पण त्या वेगात एका बाजूला पाचेक मिनिटंच नीट बसतात. इथे प्रत्येक बाजूला साडेसहा मिनिटांचा ड्रोन, म्हणजे लांबवलेल्या सुरांची संथ रचना आहे. टर्नटेबल ३३⅓ वर ठेवा.

मोठ्या रेकॉर्डच्या दोन बाजूंना वीस-वीस मिनिटांच्या दोन रचना आहेत. एका बाजूला २२ मिनिटांच्या वर भरलं की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि हळुवार भाग रेकॉर्डच्या खरखरीत बुडतो. या बँडला ते परवडणारं नाही. मॉन्ट्रियलच्या या मंडळींनी २००३ मध्ये काम थांबवलं आणि २०१० मध्ये ते पुन्हा मंचावर आले. अल्बममधल्या दोन्ही मोठ्या रचना ते थांबण्याआधीपासून मैफलीत वाजवत होते, त्यामुळे त्यांची बांधणी इतकी पक्की वाटते.

सीडीवर मोठी रचना, ड्रोन, मोठी रचना, ड्रोन असा क्रम आहे. उठून रेकॉर्ड बदलावी लागली तरी तोच पाळा. पहिल्या रचनेच्या दणक्यानंतर कानाला ती उसंत हवीच.

प्रश्न : अशा रचना मोबाइलवर लावल्या की सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही, पुढे कानठळ्या बसतात. – वाचक, सोलापूर

आधी रचनेतला सर्वांत भरगच्च भाग शोधा, आवाज त्यावर बेतून घ्या आणि मग पहिल्यापासून लावा. मध्ये बटणाला हात लावू नका. अॅपमधली आवाज सारखा करण्याची सोय आणि क्रॉसफेड (एक रचना दुसरीत मिसळणं), दोन्ही बंद करा. लोकलमध्ये हे ऐकण्यात अर्थ नाही, पहिली चार मिनिटं गाडीच्या खडखडाटातच जातील.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये तीन गिटार, बेस आणि ड्रम्स आहेत. अशा रचनेत शेवटचा चढ आला की नुसता चिखल होतो. – वाचक, कोल्हापूर

तिघंही खालच्या तारांवर कॉर्ड वाजवत असणार. जागा वाटून घ्या : पहिल्या गिटारने कॉर्ड, दुसरीने बाराव्या फ्रेटच्या वर एकेक सूर, तिसरीने फक्त लांबवलेला सूर. गिटारचा १०० हर्ट्झखालचा आवाज इक्वलायझरवर कापा, तो पट्टा बेस आणि किक ड्रमचा.

एकट्याने वाजवताना छान वाटणारा गेन (अँपवर गिटारचा आवाज फाटका करणारं बटण) तिघांत जास्त होतो. तो तिसऱ्या हिश्शाने उतरवा. गेन वाढला की ध्वनी दबतो, तारेवरचा आघात पुसला जातो आणि चढायला जागा उरत नाही.

पेडलचा क्रम : डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारं), व्हॉल्यूम पेडल, डिले (प्रतिध्वनी देणारं), शेवटी रिव्हर्ब (सभागृहासारखी घुमणी देणारं). व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी असलं तर ते मिटल्यावरही प्रतिध्वनी घुमत राहतात. डिलेची वेळ अंदाजाने लावू नका. ६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागा. ८० ठोक्यांना ७५० मिलिसेकंद येतात आणि त्याचा पाऊणपट ५६२; यांपैकी एक वेळ लावा. मोठ्या चढात एकाच गिटारवर डिले ठेवा, प्रतिध्वनी तीन-चारच.

ड्रमरने सुरुवात फेल्टच्या मॅलेटने (मऊ गोळ्याच्या काठीने) झांजांवर करावी, काठ्या नंतर. पहिली पाच मिनिटं खरोखर हळू वाजवायला धीर लागतो, आणि बहुतेक नवे बँड तिथेच घाई करतात.

प्रश्न : 'गॉडस्पीड'च्या गिटारवादक एफ्रिम मेनकसारखा स्क्रूड्रायव्हर गिटारवर वापरला तर तारा तुटतील का? – वाचक, पणजी

दाबला तर तारांआधी फ्रेट झिजतील. दांडा तारांवर नुसता टेकवून सरकवा, टोक पिकअपपासून (तारांखालच्या चुंबकापासून) लांब ठेवा. लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं आणि स्पीकरमधून मोठा ठोका येतो.