चिंतनपर लिखाण किती लांब, किती दिवसांनी?

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं ठणकलं. आधी रोज दोनशे शब्दांचा नेम धरलात, तो लवकरच आटला. मग महिन्याला एक अडीच हजार शब्दांचा लेख ठरवलात, तर तो पुरा होईना. आता दोन्ही बंद, आणि तुम्ही विचारताय की स्वतःच्या डोक्यात घोळणारं लिहायचं तर ते किती लांब असावं आणि किती दिवसांनी लोकांपुढे ठेवावं. शुद्धलेखन, परिच्छेद, शीर्षक वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. आणि पुढचं सगळं हेमावैम, म्हणजे हे माझं वैयक्तिक मत. माहितीपर लिखाण किंवा प्रवासवर्णन करणाऱ्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की लांबी आणि वारंवारता, दोन्हींपैकी एकच बांधून घ्या. दोन्ही बांधलीत की विचाराला हलायला जागा राहत नाही. तुम्ही दोनदा नेमकं हेच केलंय, फक्त आकडे बदलून.

हे मला कसं कळलं ते सांगते. एका नियतकालिकाच्या (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) पुरवणीत मी काही काळ साप्ताहिक सदर लिहीत होते. तिथून मिळालेली सूचना एकच: आठशे शब्द, ठरलेल्या वारी दुपारपर्यंत. सहाशेत संपलेला लेख पाठवला की ‘थोडं वाढवून द्या’. आणि आयत्या वेळी जाहिरात आली की न विचारता शेवटाकडून कात्री. शेवटाकडूनच का, तर बातमीची सवय. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं वर असतं आणि तपशील उतरत्या क्रमाने खाली. जागा कमी पडली तर तळातला परिच्छेद उडवला तरी बातमी शाबूत राहते. चिंतनाचा लेख याच्या बरोबर उलट चालतो. सुरुवातीला लिहिणारा चाचपडत असतो, मध्ये कुठेतरी त्याला स्वतःच्याच म्हणण्याची शंका येते, आणि खरं काय ते बऱ्याचदा शेवटच्या शे-दीडशे शब्दांत उतरतं. तेवढेच नेमके कापले जायचे.

एकदा तर कहर झाला. जे मत मांडून शेवटी मी खोडून काढलं होतं, तेच माझं ठाम मत म्हणून छापून आलं. वाचकांची रागाची पत्रं आली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. राहिलेला शेवट पुढच्या अंकात द्या म्हणून फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘ते पान लावणाऱ्यांना विचारा’. पान लावणारे म्हणाले, संपादकांना विचारा. संपादक बैठकीत होते. ती बैठक अजून उठली नसावी.

पण खरं नुकसान त्या एका लेखाचं नव्हतं. कात्री शेवटाकडून येते हे कळल्यावर हात आपोआप निष्कर्ष वर आणायला लागतो. आणि पहिल्याच परिच्छेदात निकाल लागला की पुढे विचार उरत नाही, नुसतं समर्थन उरतं. ती खोड जायला सदरापेक्षा जास्त वेळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही बांधून निभावणारे झालेच की. झाले. इंग्रजीतला नावाजलेला निबंधकार सॅम्युएल जॉन्सन, त्याने 1750 ते 1752 अशी दोन वर्षं ‘द रॅम्ब्लर’ या नियतकालिकात दर मंगळवारी आणि शनिवारी निबंध दिला, तोही ठरल्या जागेत, एकूण 208 अंक. पण प्रत्येक निबंधाचे त्याला दोन गिनी मिळत आणि त्याची त्याला गरज होती. शिवाय तो जॉन्सन होता. दुसऱ्या टोकाला फ्रेंच निबंधकार मोंतेन. त्याने काहीच बांधलं नाही. त्याचा एखादा निबंध पान-दोन पानांचा, तर एक चक्क पुस्तकाएवढा. 1580 साली पहिली आवृत्ती निघाल्यावरही 1592 मध्ये मरेपर्यंत तो त्यात भर घालत राहिला. मला पटतो तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा मार्ग. ‘निबंधमाला’ 1874 पासून मासिक म्हणून चालली, सात वर्षांत 84 अंक, जवळजवळ एकहाती. महिना ठरलेला, पण विषय मोठा असेल तर निबंध पुढच्या अंकांत चालू राहायचा. वारंवारता बांधलेली, लांबी मोकळी.

तुम्हीही वारंवारता बांधा, असं मी म्हणेन. दर आठवड्याला लिहाच असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. मला तो पटत नाही. लिहिलेलं काही दिवस नजरेआड ठेवल्याशिवाय त्यातला खोटा सूर ऐकू येत नाही, आणि आठवड्यात तेवढा अवकाश मिळत नाही. पंधरवडा बरा. एक आठवडा लिहायला, एक मुरायला. पण तीन लेख हाताशी तयार असल्याशिवाय कुणालाही तारीख सांगू नका. रोज लिहायला माझी हरकत नाही, ते वहीत लिहा.

लांबीसाठी एकच कसोटी वापरते. लेखात विचार कुठे वळला तिथे समासात खूण करायची. खूण लेखाच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच आली तर पुढचं बहुधा पाणी आहे. अगदी शेवटच्या वाक्यात आली तर सुरुवातीचे दोन परिच्छेद उडवून बघा, सहसा कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. दोन खुणा आल्या तर ते दोन लेख आहेत. खूणच सापडली नाही तर लेख तसाच ठेवून द्या, त्याची वेळ आलेली नाही.

इंग्रजीतले शब्दसंख्येचे ठोकताळे तर मुळीच घेऊ नका. आपल्याकडे ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द, तिकडे त्याला चार-पाच लागतात. तिथल्या हजार शब्दांइतका ऐवज मराठीत बऱ्याच कमी शब्दांत बसतो. तो आकडा गाठायला गेलात की नकळत भरताड होते. (अपवाद असतील. संस्कृतप्रचुर लिहिणाऱ्यांचं गणित वेगळं.)

अवांतर: अर्धवट लेख बंद करताना सगळ्यात वर एका ओळीत लिहून ठेवा की नेमकं काय पटत नाहीये. ‘पुढे लिहायचं आहे’ असं नको, त्याने पुढच्या वेळी काहीच आठवत नाही.

आणि तो अडकलेला अडीच हजारांचा लेख फेकू नका. तुमच्या वर्णनावरून त्यात दोन विषय एकमेकांच्या पायात येताहेत असं वाटतं, पण न वाचता सांगणं बरोबर नाही. मधला भाग इथे टाकलात तर वाचून सांगते.